चिंचेला वळसा

मी कायद्याच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमच्या घरात सही करण्यापलीकडे कुणी पेन उचललेलं नाही, तेव्हा मी लिहायला बसणं हे जरा धाडसच. चुकलं तर माफ करा. त्यातून ज्यांच्याविषयी लिहितोय, त्यांचा मी मनापासून हेवा केलेला आहे.

शिराळ्याजवळच्या आमच्या गावातले तात्या लष्करातून हवालदार होऊन परतले, आणि तेव्हापासून दुसऱ्यांच्या बांधावरचे दगड चुना लावून ओळीत उभे करतात. एखादा दगड तिरका दिसला की त्यांची सायकल थांबते. "दिसाय बरं न्हाई, म्हंजी आत कायतरी खरं न्हाई," असं त्यांचं म्हणणं. कुणाचा अर्ज वाचायच्या आधी समास सरळ आहे का ते बघतात. गावात वाटणी निघाली की त्यांनाच बोलावणं. त्यांनी काठीने रेघ ओढली की भांडण संपलं.

यंदा दिवाळीत आमचीच वाटणी निघाली, वडिलांची आणि धाकट्या चुलत्यांची. मी सांगलीहून नकाशा करून आणला. दोन्हीकडे अगदी सारखं क्षेत्र. वडील म्हणाले, "ऱ्हाऊ दे. तात्याला येऊ दे."

तात्यांनी नकाशा लांब धरून पाहिला. "रेघ लय झ्याक हाय, गड्या. पर ती चिंचंच्या बुंध्यातनं जातीया."

"कायद्याने दोघांचा अर्धा अर्धा हक्क आहे."

"हाय की. मग दोघंबी कुऱ्हाड घिऊन येत्याल."

त्यांनी रेघ चिंचेला वळसा घालून नेली. झाड चुलत्यांकडे गेलं, वडिलांची थोडी जमीन कमी झाली, आणि तरी वडील हसत होते! माझ्या पहिल्या नंबराला ते एवढे हसले नव्हते.

मी चिडून विचारलं, "उद्या कुणी कोर्टात गेलं तर पुरावा काय?"

"मग पुरावा ऱ्हाईल असं लिव्ह की, वकीलसायेब."

लिहिलं. तीनदा वाचून त्या वाटणीत अन्याय शोधला. सापडला नाही, याचाही राग आला.

परवा होस्टेलवर जेवत असताना वडिलांचा फोन आला. तात्यांनी लग्न केलेलं नाही. धाकट्या भावाचा संसार तोच त्यांचा. तो भाऊ आता वेगळा निघतोय.

"तात्या रेघ वढाय गेला आन् शेतातच बसून ऱ्हायला बघ," वडील म्हणाले. "म्हनतोय, कंचीच रेघ बरी दिसंना. तुमच्या पोराला बोलवा."