तांडेलाची गाठ

अक्षयाला आयुष्यातली पहिली ऑर्डर मिळाली आणि सकाळपासून घरातलं जेवणाचं टेबल तिच्या ताब्यात गेलं. दाभोळच्या वेदिकाने मोबाइलवर फोटो बघून निळ्या खड्यांचं अँकलेट सांगितलं होतं. उद्या तिची हळद. रत्नागिरीतली खरेदी उरकून संध्याकाळच्या एसटीआधी ती ते न्यायला येणार होती, आणि आवडलं तर तिच्या सगळ्या करवल्याही घेणार होत्या. अक्षयाचे पाय जमिनीवर नव्हते. हौसेने तिने स्वतःसाठीही खडे मागवून ठेवले होते.

"पायात निळे खडे?" तिची आई मालन म्हणाली. "शनीचा रंग गो तो! लोक बोटात घालतात, आणि तू पायात घालणार? सोडेल काय तो?"

"आई, फॅशन आहे."

"ते शनीला सांग."

दुपारी खडे ओवताना नेमकी अँकलेटची तार तुटली. दुकानं दुपारची बंद. अक्षयाचं तोंड उतरलेलं बघून वडील सखाराम उठले. आयुष्यभर तांडेल म्हणून मच्छीमार बोट चालवलेला माणूस. त्यांनी माळ्यावरून गळाची बारीक तार काढली.

"सुरमईच्या दातांनी नाय तुटत ही. तुझ्या नवरीचा पाय काय करतोय!"

तार खरंच झकास होती. अँकलेट असं काही चमकलं, की अक्षयाने टाळ्याच वाजवल्या. आता फक्त हुक लावायचा राहिला होता. वेदिकाने कळवलेलं माप मालनच्या घोट्याएवढंच निघालं. "शनिमहाराज, पोरीला माफ करा," असं पुटपुटत मालनने पाय पुढे केला. अक्षयाने अँकलेट तिच्या घोट्याभोवती गुंडाळलं आणि ती हुक आणायला आत गेली. सखारामांना लोंबणारी दोन टोकं दिसली. सुटं टोक कुठल्याही तांडेलाला बघवत नाही.

"बाबा, काय केलंत हे!"

"गाठ मारली. वादळात सुटायची नाय."

"अहो, पण काढायचंय ते!"

"काढायची गाठ वेगळी असते," सखाराम शांतपणे म्हणाले. "आधी सांगायचं ना!"

खोबरेल झालं, साबण झाला. टाच काही बाहेर येईना. कापावं तर टोकं तोकडी पडून सगळे खडे पुन्हा ओवावे लागणार. अक्षया रडकुंडीला आली आणि तेवढ्यात बेल वाजली.

मालन साडी पायांवर ओढून खुर्चीत घट्ट बसली. पण वेदिका पडली लग्नाला टेकलेली नवरी. आल्या आल्या ती मोठ्यांच्या पाया पडायला वाकली. मालनने पाय मागे घेतले आणि साडी वर सरकली.

"अय्या काकू! तुम्हीपण घालता?"

अक्षयाला घाम फुटला. मालनने मात्र मान ताठ केली.

"मग! आमच्यात माल आधी घरात घालून बघतात. आता तुझं तुझ्याच पायावर करायचं. माप चुकायला नको. बस हितं."

अक्षयाने मुकाट्याने स्वतःचे खडे बाहेर काढले. मग काय विचारता! मालन एकेक खडा निवडून देत होती, आणि जाळी विणून तयार झालेली सखारामांची बोटं तारेवरून भराभर फिरत होती. एसटीच्या आधी अँकलेट तयार झालं. अक्षयाने घाईघाईने हुक पुढे केला.

"हुक नको," वेदिका म्हणाली. "काकूंसारखी गाठ मारा. नाचताना पडलं तर?"

"अगं, पण मग ते निघणारच नाही!"

"मग तर गाठच हवी!"

सखारामांनी गाठ मारली. वेदिका पाय नाचवतच स्टँडकडे गेली आणि तिने पाठवलेला फोटो बघून एसटी सुटायच्या आत करवल्यांचे फोन सुरू झाले. प्रत्येकीला काकांच्या हातची गाठ हवी होती. अक्षयाने आनंदाने आईला मिठी मारली आणि पक्कड उचलली.

"आण पाय. कापते आता, त्या खड्यांचं माझं करते."

मालन पाय उजेडात धरून जरा इकडून, जरा तिकडून बघत होती. तिने तो चटकन साडीखाली घेतला.

"राहू दे गो."

"आणि शनी?"

"आता बसलाच हाय पायाशी," मालन म्हणाली, "तर साडेसात वर्षं पुरी करूनच जाऊ दे त्याला."