पोर्टगार्वीची ढाल आणि नेटी बुकनची चार कडवी

समुद्राचे साक्षीने, थंडीचे साक्षीने आणि शाळेच्या जुन्या बॉयलरचे साक्षीने हा मजकूर लिहिला ऐसा जे: उत्तर समुद्राचे काठी, स्कॉटलंड मुलखात, पोर्टगार्वी म्हणोन कोळ्यांचा कसबा आहे, तेथील प्राथमिक शाळेचा पट एकेचाळीस, खुर्च्या एकशेवीस, घंटा एक. या गडाचे किल्लेदार, म्हणजे दारे उघडणारे, बर्फ लोटणारे आणि पोरांचे ओकलेले पुसणारे शिपाई, विली मेअर. कमरेस बावीस किल्ल्यांचा जुडगा. त्यांनी डोळां देखिले, कानी ऐकिले, तेच येथे लिहिले. पदरचे काही घातले नाही. घातले असेल तर ते बाईसाहेबांच्या वार्षिक अहवालाहून कमीच असेल.

गादीवर त्या वेळी लॉर्ना पेटिग्रू बाईसाहेब, मुख्याध्यापिका. आणि पट लहान म्हणोन वरच्या वर्गाच्या शिक्षिकाही त्याच. त्यांचा अंमल दयाळू. त्यांचे राज्यात कोणी हरत नसे. दर शुक्रवारी दरबार भरे, आणि ‘आठवड्याचा तारा’ म्हणोन एका पोरास सनद मिळे. ती सनद पाळीपाळीने सर्वांस मिळे, आणि कारणे मागाहून शोधली जात. कोणास खुर्चीवर नीट बसल्याबद्दल तारा, कोणास नाक रुमालास पुसल्याबद्दल तारा. एका स्वारीस तर सबंध आठवडा कोणास चावली नाही म्हणोन तारा मिळाला, आणि मग टाळ्या जाहल्या, आणि मग त्याच दुपारी स्वारी चावली. डोंबलाचा पराक्रम!

त्याच शाळेत नेटी बुकन म्हणोन दहा वर्षांची मुलगी होती. घरी एक आजा, डॉड बुकन. वय चौसष्ट, एक लहान बोट, आणि खेकड्यांचे दीडशे पिंजरे. नेटी बोले ती आज्याची बोली, कोळीवाड्याची. बाईसाहेब हजेरी घेत आणि नेटी “व्हय” म्हणे, आणि बाईसाहेब मान तिरकी करोन, साखर घोळवोन म्हणत, “नेटी, नीट म्हण बरं. ‘हो, बाई.’” मग नेटी “हो, बाई” म्हणे, आणि मग पुढील नाव. ऐसे रोज, तीन वर्षे.

नोव्हेंबरात नेटीची पाळी आली आणि तिला तारा मिळाला. सनदेवर लिहिले होते, ‘बोलण्यात लक्षणीय सुधारणा’. खरी हकीकत ही की त्या आठवड्यात तिचा घसा बसला होता आणि तिने तोंडातून शब्द काढिला नव्हता. बाईसाहेबांस हे ध्यानी आले नाही. येते तर तारा कशास दिला असता? आज्याने ती सनद वाचिली, दोनदा वाचिली, आणि घडी करोन कोटाच्या आतल्या खिशात ठेविली.

आता आज्याची बाब लिहितो. डॉड बुकन रोज दुपारी तीन वाजता शाळेच्या फाटकापाशी उभा राही, पावसात राही, गारांत राही, पण फाटकाचे आत पाऊल टाकीत नसे. नाताळच्या नाटकात नेटी मेंढी जाहली, तो आला नाही. पुढील साली बढती मिळोन उंट जाहली, तरी आला नाही. कारण, तो नऊ वर्षांचा असता, त्याच शाळेच्या दिवाणखान्यात, सर्व पोरांसमक्ष, मास्तराने विचारिले की हे चित्र कोणत्या पक्ष्याचे. त्याने कोळीवाड्यातील नाव सांगितले, आणि मास्तराने पट्टा काढोन सहा फटके तळहातांवर दिले. सहा जाहल्यावर मास्तराने पुनः विचारिले, त्याने पुनः तेच सांगितले. तेव्हां शेजारी बसलेले पोर हसले, त्यास दोन बसले. ते पोर म्हणजे विली मेअर. त्या दिवसापासोन डॉडने शाळेत तोंड उघडिले नाही, पंधराव्या वर्षी बोटीवर गेला, आणि बोलला की त्या इमारतीत पुनः पाय ठेवणार नाही. एकोणपन्नास वर्षे ठेविला नाही.

मग जानेवारी आला. जानेवारीत, बोलीतील एका थोर कवीच्या जयंतीस, या मुलखात एक चमत्कारिक साथ येते. वर्षाचे एकावन्न आठवडे जी बोली गावंढळ, ती बावन्नाव्यात ‘आपला थोर वारसा’ होते. साहेबलोक चौकटीचे घागरे घालोन पोटऱ्या दाखवीत हिंडतात, आणि मेंढीचे काळीज व ओट भरलेला हॅगिसचा गोळा सनईचौघड्यागत चामडी पिशवीचे पाइप वाजवोन भोजनास आणितात. त्याच शिरस्त्याने बाईसाहेबांचा हुकूम सुटला: शुक्रवारी मुलांनी बोलीतील कविता पाठ म्हणावी, जो उत्तम म्हणेल त्यास रुप्याची ढाल, पालकांनी हजर राहावे, आणि हा हुकूम फक्त या आठवड्यापुरता. कविता हेरिंग मासळी कापणाऱ्या बायांची, कडवी चार.

नेटी फाटकाशी धावत आली.

“आजा, औंदा तू आत यायचंस.”

“तुला ठावं हाय, म्या तितं पाय ठेवत न्हाई.”

“आपल्या बोलीत म्हनायचंय! बाईनीच सांगितलंय.”

“कोन बाई? तीच?”

“तीच. शुक्रवारपतूर.”

आजा इतका हसला की त्यास ठसका लागला आणि फाटक धरोन उभे राहावे लागले. मग त्याने डोळे पुसले. “तू येतोस का न्हाई ते सांग,” नेटी म्हणाली. “सगळ्यांचं कोनी ना कोनी येतंय. माझी खुर्ची दर येळंला रिकामी ऱ्हाते.” आज्याने टोपी कपाळावर ओढिली. मग बोलला की येईन, पण घरी बोलतेस तशीच म्हण, कुणाला भ्यायचं न्हाई.

शत्रुपक्षाची तयारी मोठी. कार्स्टेअर्स बाई, एडिंबरोहून दोन सालांमागे आल्या, कोळ्याचे जुने घर घेऊन त्यास काचेची भिंत लावली. त्यांचा पुत्र फर्गस. त्यांनी बोलीचे ध्वनिमुद्रण मागविले आणि पोराच्या कानी तीन दिवस यंत्र लाविले, जेवताना लाविले, आंघोळीस लाविले. कंबरपट्टा, घागरा, मोजे, मोज्यात खोचण्याचा खोटा खंजीर, सर्व नवे करकरीत. नेटीपाशी आज्याचा निळा विणलेला स्वेटर, कोपरास ठिगळ. बाह्या चार वेळा दुमडल्या.

बाईसाहेबांनी आणखी एक मसलत केली. दिवाणखान्याचे दाराशी, जेथोन वर्गही दिसतो, तेथे काचेचे कपाट ठेवोन ‘वारसा कोपरा’ सजविला: मासळीची टोपली, फुटकी पाटी, आणि मखमलीवर तो जुना पट्टा, टोकास दोन जिभा. खाली सुंदर अक्षरांत चिठ्ठी: ‘पूर्वी मुलांना शिस्त लावण्याचे साधन. आता वापरात नाही.’ किल्लेदारांनीच तो मखमलीवर ठेविला, हुकूम होता म्हणोन ठेविला, आणि मग हात साबणाने धुतले.

शुक्रवारी सकाळी दहास मोहीम उभी राहिली. एकशेवीस खुर्च्या, एक सोडोन सर्व भरल्या. डॉड बुकन फाटकाशी आला, थांबला, टोपी काढिली, पुनः घातली. किल्लेदार दार धरोन उभे होते. त्यांनी ‘ये’ म्हटले नाही आणि ‘चल’ म्हटले नाही, फक्त दार धरिले, आणि वारा आत येऊन बॉयलरची सर्व मेहनत वाया गेली तरी धरिले. मग तो आत आला, आणि तिसऱ्या रांगेत, काठाच्या खुर्चीवर, ढुंगण अर्धेच टेकवोन बसला. नेटीने पडद्याआडोन पाहिले. तिचा जीव भांड्यात पडला.

परीक्षक म्हणोन डॉक्टर ॲबरनेथी आणविले होते. बोलीचे मोठे जाणकार, बोलीवर तीन ग्रंथ, सर्व इंग्रजीत. त्यांचे पुढ्यात छापील कविता आणि तांबडी पेन्सिल.

फर्गस आला, पाय जुळविले, आणि यंत्राबरहुकूम चारही कडवी म्हटली. कोठे अडला नाही, कोठे हललाही नाही. मग नेटी आली. पहिले कडवे दबकत म्हटले. मग तिची नजर तिसऱ्या रांगेकडे गेली, आणि तिने हात बाह्यांतून बाहेर काढिले, आणि मासळी कापीत असल्याप्रमाणे झपाझप म्हणो लागली. आणि मागील रांगांतील म्हाताऱ्या कोळणी आधी हसल्या, मग एकीने पदर नाही म्हणोन मफलर डोळ्यांस लाविला. नेटी थांबली तेव्हां टाळ्या थांबेनात. आजा खुर्चीत पुरता बसला होता.

डॉक्टर उभे राहिले आणि निकाल फर्माविला. फर्गस कार्स्टेअर्स यास ढाल. नेटी बुकन हिस सहभागाची सनद, मुलीचा आवाज गोड, मात्र सहा ठिकाणी उच्चार छापील बोलीहून भिन्न, आणि एका पक्ष्याचे तर नावच वेगळे घेतले, “एकंदरीत,” डॉक्टर चष्मा पुशीत म्हणाले, “हिची बोली तितकीशी अस्सल वाटली नाही.”

वा रे जाणकार! मुलखात माशाला पोहणे शिकविणारे याहून कोण निराळे!

नेटीचे तोंड एवढेसे झाले. ढाल गेली याचे तिला फार वाटले नाही; पण आज्याला इतक्या वर्षांनी आत आणिला तो हे ऐकण्यास, याचे वाटले. तोच खुर्ची सरकल्याचा आवाज आला. डॉड बुकन उभा राहिला होता. लोकांनी जाणिले, आता हा जातो, आणि पुनः येत नाही.

तो गेला नाही. टोपी हातात घेऊन बोलला.

“डाक्टर, कोंच्या पक्ष्याचं नाव चुकलं म्हनलासा?”

डॉक्टरांनी कागदावर बोट ठेविले आणि सांगितले.

“त्यो पक्षी व्हय. पंचावन्न वर्सांमागं, हितंच, ह्या फळ्यांवर, त्याचं आमच्या नेटीनं घेतलं त्येच नाव घेतलं म्हून म्या सहा फटकं खाल्लं. त्यो पट्टा भायेर काचंत हाय, तुम्ही येताना बघितला आसंल. तवा सांगितलं, ही बोली गावंढळ, बोलू नगंस. आता माझी नात तेच बोलती तर म्हनताय, अस्सल न्हाई.” मग तो बाईसाहेबांकडे वळला. “बाई, तुमी लोकांनी एकदा बसून ठरवा. आमी गप ऱ्हायाचं का बोलायचं? आन् बोलायचं तर कुनासारकं? ठरलं की फाटकापाशी सांगा. म्या तीनला आस्तो.”

आणि मग तो खाली बसला. खाली बसला, हे लिहिणाऱ्याने स्वतः पाहिले. मागील रांगेतोन एक कोळीण ओरडली, “बराबर हाय डॉड!” आणि बाईसाहेबांचा गळ्यापासोन केसांपर्यंत रंग बदलला, आणि त्यांनी घाईने जाहीर केले की आज सर्वच विजयी आहेत आणि हॅगिस थंड होतो आहे. पाइपवाल्यास खूण जाहली, आणि पाइपांच्या गोंगाटात सर्व फौज भोजनगृहाकडे पळाली. डॉक्टर सर्वांत पुढे.

फर्गस मात्र ढाल काखेत मारोन नेटीपाशी आला.

“तू म्हटलंस ना, ते मासळी कापायचं कडवं, मला परत म्हणून दाखव. आमच्या रेकॉर्डिंगवाल्या माणसाने बहुतेक कधी मासा बघितलाच नाही.”

“हाताला वास येईल तुझ्या,” नेटी म्हणाली.

“येऊ दे की.”

कार्स्टेअर्स बाईंनी त्यास दंडास धरोन नेले, परंतु तोवर दोन ओळी त्याच्या पदरात पडल्या होत्या.

दाराशी काचेच्या कपाटापुढे दोन म्हातारे उरले.

“विल्या, ह्योच का रं त्यो?”

“त्योच.”

“ल्हान दिसतुय.”

“आपुन तवा ल्हान हुतो.”

 डॉडने आपला हात तळव्याकडोन वळवोन पाहिला. मग किल्लेदारांस भोजनगृहात काही तातडीचे काम आठवले, आणि ते गेले. जाताना बावीस किल्ल्यांपैकी एक, सर्वांत लहान, कपाटाच्या कुलुपात नजरचुकीने राहिली. ऐसी चूक किल्लेदारांकडोन एकतीस वर्षांच्या चाकरीत पहिल्यानेच जाहली, हे त्यांचे सेवापुस्तकावरून कोणीही ताडून पाहावे.

सोमवारी बाईसाहेब आल्या, आणि कपाटापाशी थबकल्या. मखमलीवर पट्टा नव्हता. त्याचे जागी चार घड्यांच्या खुणा पडलेली एक सनद होती, मासळीचा वास येत होता, आणि त्यावर लिहिले होते, ‘आठवड्याचा तारा: नेटी बुकन. बोलण्यात लक्षणीय सुधारणा.’ खाली ती जुनी चिठ्ठी तैसीच: ‘पूर्वी मुलांना शिस्त लावण्याचे साधन. आता वापरात नाही.’

किल्लेदारांस तलब जाहली. पट्टा कोठे गेला ऐसे विचारिले. त्यांनी अदबीने अर्ज केला की बाई, जानेवारीत गर्दी फार, वारसा आपल्या पायांनी चालू लागतो, कोण लक्ष ठेवणार? बाईसाहेबांनी सनद काढण्याचा हुकूम दिला नाही. का दिला नाही, हे लिहिणाऱ्यास ठाऊक नाही. त्या तेथे बराच वेळ उभ्या होत्या, घंटा होऊन गेली तरी उभ्या होत्या, आणि त्यांचे तोंडावर ती साखर नव्हती.

मग वर्गात गेल्या आणि हजेरी उघडिली. थोर सप्ताह संपला होता, बोली पुनः गावंढळ जाहली होती, ऐसा शिरस्ता.

“नेटी बुकन?”

“व्हय.”

बाईसाहेबांची मान तिरकी होऊ लागली. तोंड उघडले. दाराबाहेर काचेचे कपाट दिसत होते. मग मान सरळ जाहली, तोंड मिटले, आणि त्यांनी नावापुढे बरोबरची खूण केली आणि पुढील नाव घेतले.

येणेप्रमाणे पोर्टगार्वीची मोहीम पार पडली. ढाल कार्स्टेअर्सांच्या काचेच्या भिंतीपाशी आहे, ती त्यांस लखलाभ असो. पट्टा डॉड बुकनच्या बोटीवर आहे. त्या पट्ट्याने खेकड्यांच्या मोठ्या पिंजऱ्याचे दार बांधिले असे, आणि चामडे चांगले, अजून दहा वर्षे टिकेल. हाती आला तो मुलूख एका शब्दाएवढा, आणि वेळ लागला पंचावन्न वर्षे. दोन फटके खाल्लेला विली मेअर, किल्लेदार, याने लिहिले, ते खरे.