पडूळ सरांचा सत्तेचाळीस नंबर

पडूळ सरांच्या घरी गेलेल्या माणसाला चहाच्या आधी डोळे मिटावे लागत. सर खिशातून कसला तरी दाणा काढून त्याच्या चिमटीत ठेवत आणि विचारत, "बोटं काय म्हणत्यात?" मूग की मटकी, करडई की साळ, हे नुसतं चाचपून सांगायचं. पासपोर्टच्या चौकशीला आलेल्या पोलिसानं बरोबर सांगितलं. पुतणीला बघायला आलेल्या मुलानंही सांगितलं. त्याच्या वडलांना सांगता येईना, तर सरांनी त्यांना तिथल्या तिथं शुगर तपासायला पिटाळलं. शुगर निघाली! लग्न झालं, पण ते व्याही नंतर सरांसमोर कायम हाताची घडी घालून बसले.

मला नोकरी मिळाली ती याच परीक्षेत. नवऱ्याच्या कंपनीपायी देवगड सोडून मी पुंडलिकनगरात आले, सरांच्या मागच्या गल्लीत. ओळखीचं कुणी नाही, समुद्र नाही, पाणी चार दिवसांआड. सर कॉलेजात औषधशास्त्र शिकवत आणि त्यांच्या प्रयोगशाळेत काचेची भांडी धुवायला बाई हवी होती.

"शिक्षण?"

"आठवी. अर्धी."

"अर्धी म्हंजे? वरली का खालली?"

मी रडायच्या बेतात. सरांनी दाणा दिला. मी भीत भीत म्हटलं, "कुळीथ."

"इथं हुलगा म्हणत्यात. पण बोटं पास."

त्या दिवसापासून मी 'देवगड' झाले. "देवगड, बाटल्या!" एवढीच हाक. आज माझी मुलं शिकताहेत ती त्या हाकेमुळं, हे मी कुणापुढंही सांगते.

त्या चपट्या बाटल्यांत गुलाबी पाणी असे आणि बुडाला चिकटलेल्या कॅन्सरच्या पेशी. सर दुर्बिणीला डोळा लावून त्यांना दम देत. "व्हय का? लई घाई झाली वाढायची? थांब, तुझा बंदोबस्त करतो." मग मला समजावत, कारण मुलं ऐकत नसत.

"हे बघ, एका पेशीच्या दोन होतात तवा आत दोऱ्या ताणल्या जातात. जुनं औषध त्या दोऱ्याच जाम करतं. पेशी मरती, झकास. पण तसल्याच दोऱ्या बोटांच्या नसांत बी असतात, त्यावरून नसेचा माल जातो. माल बंद, बोटं मुकी."

"मग काय करायचं हो?"

"दोरीला हातच लावायचा नाय. दोऱ्यांची टोकं लांब रेटणारा एक गडी असतो. पेशी दुभंगताना तेवढा कामावर येतो. त्याचा हात धरायचा. शेजाऱ्याला फिजूल तकलीफ नको."

त्या गड्याचा हात धरायला सरांचे एक मित्र पावडरी बनवून देत. त्यांना नंबर असत. शेहेचाळीस नंबर वाया गेले होते. नंबर वाया गेला की सर त्या दिवशी तास घेत नसत, त्यामुळं मुलं प्रत्येक नंबराची आतुरतेनं वाट पाहत.

सरांच्या बायकोला, मंदाकाकूंना, काही वर्षांपूर्वी छातीचा कॅन्सर झाला होता. जुन्या औषधानं काकू वाचल्या, बोटं गेली. तव्यावर हात टेकला तरी कळत नसे. फोड आला की म्हणायच्या, "अगं, भाजलं वाटतं मला." साडीची पिन सर लावून देत, ती हटकून तिरकी. संध्याकाळी मी त्यांच्याकडं भाकऱ्या थापायला जाई. मी तांदळाची, ज्वारी मला ऐकेना. काकू पाटावर बसून विचारत, "अगं, ही भाकरी हाय का गंगापूर तालुक्याचा नकाशा?"

दिवाळीनंतर गाठ परत आली. डॉक्टर म्हणाले, त्याच जुन्या औषधाची सुई, तीही लवकर. काकू अडून बसल्या. "सुई नाय. राहिलेली बोटं बी जातील. ह्यांचा सत्तेचाळीस होऊ द्या. तोवर मी थांबते."



सत्तेचाळीस घातलेल्या सहा बाटल्या सर मोजायला घेणार, तेवढ्यात दवाखान्याचा फोन आला. बोलता बोलता त्यांनी बाटल्या धुण्याच्या बाजूला ठेवल्या आणि बाहेर गेले. मी रोजच्यासारखं आतलं पाणी ब्लीचच्या बादलीत ओतलं. सहावी ओतल्यावर बाटलीच्या चिठ्ठीवरचा सत्तेचाळीस आकडा दिसला. पण पेशी बुडाला चिकटलेल्या असतात एवढं मला ठाऊक होतं, त्या तर आतच होत्या. गुपचूप ताजं गुलाबी पाणी भरलं आणि बाटल्या जागच्या जागी ठेवल्या.

सरांनी तासभर मोजलं. "फिजूल. एक बी थांबली नाय. थांबली असती तर गोल होऊन बूड सोडलं असतं, पाण्यात तरंगली असती."

मी बादलीकडं बघितलं.

दोन दिवस मी ओतलेल्या पाण्याचं कुणाला सांगितलं नाही. नोकरी जाणार, खोलीचं भाडं, मुलांची फी, सगळं डोळ्यांपुढं. पण संध्याकाळी काकू विचारत, "सत्तेचाळीस काय म्हणतो गं?" आणि माझी भाकरी तव्यावरच फाटे. तिसऱ्या दिवशी सरांपुढं उभी राहून सगळं सांगितलं. रडले, पाया पडायला गेले.

सरांनी वाकून बादलीत बघितलं. मग म्हणाले, "आठवीची उरलेली अर्धी झाली तुझी आज. ऊठ. बाटल्या आण."

पुन्हा सहा बाटल्या. दुसऱ्या दिवशी सरांनी मला दुर्बिणीजवळ ओढलं. पाण्यात पेशीच पेशी, भिजवलेल्या साबुदाण्यासारख्या गोल, एकमेकींना टेकून थांबलेल्या. शेजारच्या बाटलीत हेच औषध घातलेल्या नसांच्या पेशी होत्या, त्यांचे लांब धागे जसेच्या तसे.

"सर, मी पळत जाऊन काकूंना सांगते!"

"नाय."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं.

"बाटलीतून माणसापर्यंत जायला धा वर्षं लागतात, देवगड. आधी उंदीर, मग परवानगीचे कागद, मग माणसं. कुठं अडकंल, सांगता येत नाय. तिला कळलं की ती थांबून राहील. तिच्याजवळ धा महिने नायत." त्यांनी चष्मा काढून पुसला. "तू काय बोलू नको. मी सांगतो."

आम्ही दोघं घरी गेलो तेव्हा काकू ओट्यावर बसल्या होत्या. सर चपला न काढताच पायरीवर टेकले.

"मंदे, सत्तेचाळीस गेला."

"गेला म्हंजे?"

"फेल. काय उपयोगाचा नाय."

काकूंनी माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, "व्हय काकू."

काकू सरकत सरकत पायरीपाशी आल्या.

"लई जीव लावला व्हता तुम्ही त्याला," त्या म्हणाल्या. "जाऊ द्या. अठ्ठेचाळीस कराल. एवढं काय तोंड पाडून बसायचं? सोमवारी जाऊ आपण सुईला."

सरांनी मान डोलावली.

"कॉलेजात कुणी हसलं का तुम्हाला?"

"हसले थोडे," सर म्हणाले.

"हसू द्या मेल्यांना," काकू म्हणाल्या आणि त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या. सर मान खाली घालून बसले होते.