थ्रेडगिलांच्या ड्रेसिंगची गादी

सत्तेचं शांततेने हस्तांतर होणं हे सुधारलेल्या समाजाचं लक्षण आहे, असं जाणकार सांगतात. त्या कसोटीवर अलाबामातल्या ओल्ड फेरी गावचं थ्रेडगिल घराणं बरंच मागासलेलं म्हणावं लागेल. तिथे थँक्सगिव्हिंगच्या सणाला टर्कीबरोबर वाढायचं ड्रेसिंग गेली एकेचाळीस वर्षं ओफिलिया आत्या करत होत्या, आणि त्यांच्याआधी त्यांची आई मरेपर्यंत करत होती. (मरणाच्या दिवशीही चुलीवर रस्सा होता. तो वाया जाऊ दिला नाही.)

ड्रेसिंग दिसायला साधं. मक्याच्या पिठाचा कॉर्नब्रेड बिडाच्या तव्यात भाजायचा, मुद्दाम दोन दिवस शिळा करायचा, मग चुरून, कांदा-सेलरी घालून, कोंबडीच्या रश्शात भिजवून पुन्हा भाजायचा. म्हणजे झालेलं काम मोडून तेच दुसऱ्यांदा करायचं. रस्ते खात्यातल्या माणसाला ही पद्धत नव्याने शिकवावी लागत नाही. टर्की कुणीही करावी, ती पुरुषांनासुद्धा करू देतात. टर्की बिघडली तर लोक हसतात आणि वर ग्रेव्ही ओततात. ड्रेसिंग बिघडलं तर मात्र कुणी हसत नाही, आणि करणारीचं नाव तीन पिढ्या लक्षात राहतं.

नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी चर्चहून आल्यावर आत्या टोपी न काढता फोनजवळ बसत आणि खातेवाटप करत. सर्वांत खाली बर्फ. त्याच्या वर कागदी बश्या व पेले, मग विकतचे पाव, मग डब्यातली क्रॅनबेरीची जेली (ती डब्याच्या आकारातच थरथरत ताटात आली पाहिजे, कापून आणणं हा आगाऊपणा), मग पालेभाज्या, मग मॅकरोनी-चीज आणि सर्वांत वर ड्रेसिंग. बढती दोनच प्रकारे मिळे: वरच्या बाईच्या मृत्यूने किंवा तिच्या बदनामीने. अर्ज करण्याची सोय नव्हती. अर्ज करावासा वाटणं हीच अपात्रता समजली जाई.

मार्वेला थ्रेडगिल बावीस वर्षं बर्फावर होती. एरवी ती जिल्हा न्यायालयात मुख्य लिपिक. अठरा माणसं हाताखाली, आणि एखादा कागद कमी असला तर न्यायाधीशही तिच्यासमोर चुळबुळ करत. पण थ्रेडगिलांच्या घरी तिची ओळख "ल्युशसची बायको, ती नाही का, बर्फ आणते ती" एवढीच. दरवर्षी ती चार पिशव्या बर्फ घेऊन आत्यांच्या स्वयंपाकघरात मागच्या दाराने शिरे, दाराशी ठेवलेल्या पेटीत तो फोडून भरे, आणि कुणीही तिच्याकडे बघत नसे. ती हे हसण्यावारी नेई. तिला याचं फार वाईट वाटत असे.

या वर्षी ऑक्टोबरात आत्यांच्या खांद्याचं ऑपरेशन झालं. बिडाचा तवा सोडाच, डॉक्टरांनी त्यांना चहाचा कप उजव्या हाताने उचलायला बंदी केली. घराण्यात घबराट पसरली. गादी रिकामी पडायची ही पहिली वेळ नव्हती. मागे आत्या आजारी किंवा परगावी असताना तिघींना हंगामी नेमणूक मिळाली होती. प्रत्येकीला आत्यांनी स्वतःच्या हाताने कृतीचं कार्ड लिहून दिलं होतं. निकाल असे:

लुएला. कार्डाबरहुकूम केलं. ड्रेसिंग चमच्यातून वाळूसारखं सांडलं. तिची बदली पालेभाज्यांवर झाली.

डेझरी. कार्ड वाचलं आणि स्वतःच्या मनाने बेदाणे घातले. लग्न टिकलं आहे. पास्टर मात्र दरवर्षी प्रार्थनेत "भरकटलेल्यांना" म्हणताना तिच्याकडे बघतात.

वर्नेल. ही ल्युशसची चुलत बहीण, मॅकरोनीवर चौदा वर्षं, हुशार आणि ते जाणून असलेली. तिने कार्डातली एक उणीव ओळखून भरूनही काढली. तरी चौतीस माणसांत मिळून पाऊण भांडं परत गेलं. आत्या म्हणाल्या, "बरंय हो." अलाबामात याहून वाईट शब्द आहेत, पण ते बायकांसमोर वापरत नाहीत.

यादी इथे संपली. बश्या, पाव आणि क्रॅनबेरीवाल्यांनी ऐकताच हात वर केले. त्यामुळे आत्यांनी मार्वेलाला बोलावून घेतलं.

"तुझ्यावाचून आता कुणी उरलं नाही," आत्या म्हणाल्या. (हे नेमणूकपत्र समजावं.) "तवा त्या कपाटात आहे. साबण लावलास तर मला कळेल."

"नाही लावणार, आत्याबाई."

"कार्डात सगळं आहे. त्यात नाही ते घालायचं नाही. आणि साखर? विचारूसुद्धा नकोस, पोरी."

"मी कुठे विचारलं?"

"तुझ्या चेहऱ्यावर होतं."

संध्याकाळपर्यंत वर्नेलचा फोन आला. "ऐकलं ते खरं का गं? बर्फवाली ड्रेसिंग करणार म्हणे! बाई, गोठवून आणू नकोस म्हणजे झालं."

"तुझ्याहून जास्त खपलं तरी पुष्कळ," मार्वेला म्हणाली. बावीस वर्षांत तिने वर्नेलला दिलेलं हे पहिलं उत्तर. मग तिने फोन ठेवला आणि कार्ड काढलं.

वाचकांच्या सोयीसाठी कार्ड जसंच्या तसं देत आहोत:

"तवाभर कॉर्नब्रेड, दोन दिवस शिळा. साखर नाही. (खाली तीन रेघा.) कांदे दोन, सेलरीच्या दांड्या चार, बटरमध्ये मऊ होईपर्यंत परत. सेजची पानं चुरून, मिरपूड, मीठ. कोंबडीचा रस्सा लागेल तेवढा. चाखून बघ. सोनेरी होईपर्यंत भाज. देवाचे आभार मान."

मार्वेलाने ते अकरा वेळा वाचलं. अपुऱ्या कागदपत्रांचा तिला वासच येई.

"ल्युशस, यात अंडं नाही."

"कार्डात नाही म्हणजे नसेल," ल्युशस टीव्हीवरच्या मॅचवरून नजर न काढता म्हणाला.

"अरे, अंड्याशिवाय हे एकत्र धरणार कशाने?"

"प्रार्थनेने."

अंडी चार लागतील, हे तिने ठरवून टाकलं. पण तिथे ती थांबली. अंडी तर वर्नेलनेही घातली होती! अंडं गाळणं ही कुणालाही दिसेल अशी चूक होती, आणि आत्या कुणालाही दिसेल अशी चूक करणाऱ्यांतल्या नव्हत्या. अंडं सापडलं की हुशार बाई स्वतःवर खूश होते आणि पुढे शोधत नाही. म्हणजे कार्डात आणखी काहीतरी नव्हतं.

मार्वेलाने डोळे मिटले. तिला बर्फाची पेटी दिसली. मागचं दार, अर्धं उघडं. आत आत्यांची पाठ. बावीस वर्षं, हंगामी नेमणुकांची तीन सोडून, दर थँक्सगिव्हिंगला सकाळी साडेनऊच्या सुमारास, बाकीच्या बायका पुढच्या खोलीत एकमेकींच्या सुना उसवत असताना, आत्या आजूबाजूला बघत, कुणी नाही अशी खात्री करून घेत (बर्फवाली होती, पण ती कुणी या सदरात मोडत नव्हती) आणि मग ड्रेसिंगच्या भांड्यापाशी एक गोष्ट करत. दरवर्षी तीच.

थँक्सगिव्हिंगच्या सकाळी साडेनऊला मार्वेलाने आपल्या स्वयंपाकघरात आजूबाजूला बघितलं आणि ती गोष्ट केली.

त्या गुरुवारी दुपारी, आत्यांच्या खांद्यामुळे त्यांच्या घराऐवजी चर्चच्या मागच्या सभागृहात, चौतीस माणसं जमली. त्यांपैकी एकोणतीस जणांनी वाढून घेण्यापूर्वी "ड्रेसिंग कुणी केलंय?" असं विचारलं. उरलेल्या पाचांपैकी तिघांना दात आलेले नव्हते आणि दोघांना ऐकू येत नव्हतं. उत्तर ऐकून लोक सुपारीएवढं वाढून घेत आणि ते ताटाच्या कडेला, पळ काढता येईल अशा जागी ठेवत. मार्वेला भिंतीला टेकून उभी होती. आज हे फसलं तर पुढची बावीस वर्षं बर्फ, आणि त्यानंतर तिच्या अंत्यविधीच्या जेवणालाही बर्फाबद्दलच बोलतील, हे तिला स्वच्छ दिसत होतं.

पहिल्यांदा टेबलाच्या टोकाचं बोलणं थांबलं. मग मधलं. लुएलाचा नवरा उठला आणि गुपचूप भांड्याकडे गेला. त्याच्यामागे पास्टर गेले. डेझरीने प्रार्थना केल्यासारखी मान खाली घातली, पण ती खात होती. वर्नेलने दोन घास घेतले, काटा खाली ठेवला, आणि पर्समधून फॉइल काढून टेबलाखाली उलगडायला लागली. (थ्रेडगिलांमध्ये शाबासकी तोंडाने देत नाहीत. फॉइलमध्ये नेतात.)

ओफिलिया आत्या डाव्या हाताने सावकाश खात होत्या. ताट रिकामं झालं तेव्हा त्यांनी मार्वेलाला बोटाने जवळ बोलावलं.

"कधी बघितलंस?"

"बर्फ भरताना."

"कितीदा?"

"एकोणीसदा, आत्याबाई. तुम्ही नव्हता ती तीन वर्षं सोडून."

आत्यांनी तिच्याकडे लग्नानंतर प्रथमच नीट निरखून बघितलं. "तरी मी म्हणते, चार पिशव्या बर्फ भरायला या बाईला पाऊण तास का लागतो." मग त्यांनी ताट बाजूला सारलं. "मीठ चांगलं आहे. तवा घरी घेऊन जा. आणि मार्वेला..."

"हं?"

"तुझ्या घरच्या मागच्या दाराला आधी कडी बसवून घे."

मार्वेला गाडीत बसून रडली. ल्युशसने विचारलं, काय झालं. ती म्हणाली, "काही नाही रे, आनंद झाला." तवा मांडीवर होता. तो तिने घरी जाईपर्यंत खाली ठेवला नाही.

कडी पुढच्याच शनिवारी बसली. नव्या राजवटीत कारभार अधिक खुला व्हावा अशी सर्वांची अपेक्षा होती, आणि ती पुरी झाली आहे. मार्वेला कुणालाही नाही म्हणत नाही. वर्नेलने कार्ड मागितलं, तिला दिलं. लुएलाच्या नव्या सुनेने मागितलं, तिलाही दिलं. सुंदर अक्षर, प्रत्येक प्रत मूळ कार्डाशी ताडून पाहिलेली, खाली तारीख आणि सही. अंडं कुठेच नाही.

तीच कृती आता आपल्याही हाती आहे. आपण चाणाक्ष आहात, अंड्यांचं आपल्या केव्हाच लक्षात आलं. चार घाला. म्हणजे आता काही कमी नाही, अशी आपली खात्री झाली असेल. वर्नेलचीही झाली होती.

पुढच्या थँक्सगिव्हिंगला ओल्ड फेरीला जरूर या. रिकाम्या हाताने येऊ नका, बर्फ आणा. तो बाहेर पायरीवरच ठेवा.