गर्जेनानांच्या बाटल्या

गळ्यात तुळशीची माळ, कपाळाला बुक्का आणि कान दारूच्या बरणीला, अशा अवस्थेत मी गर्जेनानांना पहिल्यांदा पाहिलं. विद्यापीठाच्या भांडार विभागात मी नवीनच लागले होते आणि वाईन लॅबमधली टेबलं-खुर्च्या मोजायला गेले होते. मी "नमस्कार" म्हटलं, तर त्यांनी ओठांवर बोट ठेवलं.

"हळू, ताई. ती बोलतीय."

बोलत होती ती वीस लिटरची काचेची बरणी. आत द्राक्षाचा रस आंबत होता आणि तोंडाच्या नळीतून बुडबुडे निघत होते. नानांनी आणखी जरा कानोसा घेतला आणि जाहीर केलं, "अजून चार दिस. मग गप हुईल." चार दिवसांनी विभागप्रमुखांनी यंत्र लावून तपासलं, तर नानांचं बरोबर. त्या यंत्राची खरेदीची फाईल माझ्याकडे आहे. एवढा खर्च कशासाठी केला, हे मला आजवर कळलेलं नाही.

आमचं गाव नगर जिल्ह्यातलं. जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर झालंय, पण एस.टी.चा कंडक्टर अजून "नगर, नगर" असंच ओरडतो. गावात एक कृषी विद्यापीठ आणि त्याच्या जिवावर जगणाऱ्या मेस, झेरॉक्सची दुकानं आणि भाड्याच्या खोल्या. चहूकडे ऊस, आणि मधूनमधून वाईनच्या द्राक्षांचे मळे. गावाबाहेर एक वायनरीही आहे. तिथे शनिवार-रविवारी पुण्याची मंडळी टोप्या घालून येतात आणि वेलींना मिठी मारून फोटो काढतात. आमचे लोक त्या रस्त्याने जाताना तोंड वळवतात. द्राक्षं मात्र तिथेच घालतात.

अशा गावात नाना वाईन लॅबचे परिचर. अख्खी नोकरी दारूत गेली, पण थेंब जिभेला लागलेला नाही. "चव घ्यायचं काम साहेबांचं, ऐकायचं माझं," हा त्यांचा बाणा. पण कपड्यांना जो आंबूस वास लागायचा, त्याला कोण काय करणार? पाथर्डीकडे गावी जायला ते एस.टी.त बसले, की शेजारचा माणूस उठून मागे जायचा. "माळ बघायचा, वास घ्यायचा, आन् माझ्याकडं बघून मान हलवायचा," नाना सांगायचे. त्यांची बायको, आमच्या नानी, त्यावर म्हणायच्या, "मग काय झालं? खिडकी मिळती ना!"

मी त्यांच्या शेजारच्याच क्वार्टरमध्ये राहते, त्यामुळे नानांच्या सगळ्या तऱ्हा मला घरबसल्या बघायला मिळाल्या. बरण्यांना ते विद्यार्थ्यांच्या नावाने हाक मारायचे. एम.एस्सी.ला आलेल्या प्रत्येक पोराला एक बरणी मिळे आणि तेव्हापासून तिच्यात नि पोरात नाना फरक करत नसत. "आज शिंदे रुसलाय", "पाटील लई वटवट करतोय", "दीपाली गारठलीया, तिला गोधडी पायजे." यातली गोधडी खरोखर बरणीला गुंडाळली जायची. ती नानींची होती, आणि हे नानींना थंडी पडल्यावर कळायचं.

प्रत्येक विद्यार्थ्याच्या वाईनची एक बाटली लाख लावून राखीव ठेवायची, असा नियम आहे. तोंडी परीक्षा होईपर्यंत तो नमुना जपायचा आणि नंतर ओतून टाकायचा. नानांनी नियमाचा पहिला भाग मनापासून पाळला. दुसरा त्यांना कोणी सांगितला नसावा, किंवा त्यांनी ऐकला नसावा. बरणीतला बुडबुडा ऐकणारे नाना साहेबांचं बोलणं सोयीने ऐकत. लॅबमागच्या अंधाऱ्या खोलीत अशा शंभरावर बाटल्या साठल्या होत्या. प्रत्येकीला चिठ्ठी होती, आणि चिठ्ठीवर नाव आणि लाख लावल्याची तारीख.

ती तारीख आली, की नाना त्या विद्यार्थ्याला फोन करायचे. दर वर्षी, न चुकता. पोरगं नोकरीला लागो, परदेशी जावो, टक्कल पडो.

"मी गर्जे बोलतोय. तुमची बाटली बरी हाय. गाळ जरा खाली बसलाय, पन रंग धरून हाय. ठेवतो."

झालं. यापलीकडे एक शब्द नाही. एक विद्यार्थी पुढे मोठा अधिकारी झाला. भर बैठकीत त्याने चुकून फोनचा स्पीकर लावला, आणि "साहेब, तुमची बाटली झाकून ठेवलीय, काळजी करू नका" हे वाक्य साऱ्या खात्याने ऐकलं. पुणतांब्याच्या दीपालीचं लग्न झालं त्या वर्षी फोन तिच्या सासूबाईंनी उचलला. "तुमच्या सूनबाईची बाटली माझ्याकडं सुखरूप हाय," नानांनी अदबीने सांगितलं. त्या घरात पुढे दोन दिवस काय झालं ते दीपालीनेच मला नंतर सांगितलं. हसून सांगितलं, पण तेव्हा ती रडली होती.

मी एकदा नानांना झापलंही. "अहो, त्या पोरांना काय करायचंय त्या बाटलीचं?"

"त्यांची हाय ना ती," नाना म्हणाले. माझा प्रश्नच त्यांना चमत्कारिक वाटला.

गेल्या वर्षी लॅबला नवं यंत्र मंजूर झालं आणि ती मागची खोली रिकामी करायचं ठरलं. सरकारी कामात वस्तू टाकायची तर निर्लेखन समिती नेमावी लागते. विभागप्रमुख अध्यक्ष आणि सदस्य-सचिव मी. म्हणजे बाटल्या ओतायच्या कागदावर पहिली सही माझी.

दुसऱ्या दिवशी सकाळी नाना माझ्या दारात. हातात नानींनी केलेल्या शेंगोळ्यांचा डबा. इतक्या वर्षांत नानांनी कधी काही मागितलं नव्हतं, त्यामुळे डबा बघूनच मी काय ते ओळखलं.

"ताई, एक वर्स पुढं ढकला. तुमच्या हातात हाय."

"माझ्या हातात फक्त पेन आहे, नाना. आणि खरं सांगा, आत काय उरलंय? निम्म्याचा शिरका झाला असेल."

"निम्म्याचा न्हाई, समद्याचाच झालाय. वासावरनं कळतंय मला."

"मग?"

नाना पायरीवर बसले. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. मग त्यांनी त्यांच्या गावाचं सांगितलं. गाव ऊसतोड्यांचं. दिवाळी सरली की आई-बाप कारखान्यावर जायचे, आख्ख्या आळीला कुलपं लागायची, आणि नाना म्हाताऱ्या चुलतीपाशी मागे राहायचे. "जानारा जातो, ताई. त्याला मागची सय येत न्हाई असं न्हाई, पन त्याला काम असतं. मागं राहनाऱ्यालाच इचारत बसावं लागतं. आता ही पोरं. आमाला मूलबाळ न्हाई, तुमाला ठावं हाय. बाटली हाय म्हनून फोन करता येतो. उगाच कसा करू? मोठी मानसं हायत ती."

मला एकदम स्वतःचाच राग आला. इतकी वर्षं मी या माणसाची नक्कल करून ऑफिसला हसवत होते.

तरी सही मी केली. नोकरी आहे, आणि नियम नियमाच्या जागी होता. हे मी अभिमानाने सांगत नाही.

ओतायच्या दिवशी लॅबमागच्या गटारापाशी विभागप्रमुख साहेब, नाना आणि मी असे तिघे उभे. नाना चिठ्ठी वाचायचे, मी यादीवर खूण करायची, मग नाना ओतायचे. साहेबांना अकराची बैठक होती, म्हणून ते घाई करत होते. पण नाना नुसतं नाव वाचेनात. "शिंदे. आता कोल्हापूरला. दोन मुली." ओतली. "पाटील. नोकरी सोडली, नर्सरी टाकलीय. बरी चालतीय म्हनं." ओतली. "कुलकर्णी. ह्यांचा फोन लागंना दोन वर्सं." ही बाटली त्यांनी हळू ओतली. विसाव्या बाटलीला साहेबांनी घड्याळ बघायचं थांबवलं आणि बैठकीला येत नसल्याचा निरोप दिला. सगळं संपायला दुपार झाली. सगळ्या आवारात शिरक्याचा वास सुटला होता आणि आम्ही तिघेही डोळे पुसत होतो. शिरका डोळ्यांना झोंबतो, असं साहेब दोनदा म्हणाले.

पुढचा आठवडाभर लॅबमध्ये बरण्या होत्या, पण नानांनी एकीलाही कान लावला नाही. मग एका संध्याकाळी ते माझ्या पायरीवर येऊन उभे राहिले. हातात मोबाईल.

"आज दीपालीची तारीख."

"मग करा की फोन."

"काय म्हनून करू?"

"बाटली गेली, हे तरी तिला कळवायला नको?"

हे त्यांना पटलं. त्यात काम होतं. त्यांनी नंबर लावला आणि सरळ ताठ उभे राहिले. "म्याडम, मी गर्जे बोलतोय. तुमची बाटली सांडली. समितीनं सांडली. मी अडवली न्हाई, चूक झाली. ठेवतो."

पण त्यांना ठेवता आला नाही. पलीकडून दीपाली काहीतरी बोलत होती. नाना ऐकत होते. एकाएकी त्यांनी फोनवर तळहात दाबला आणि माझ्याकडे वळले. बरण्यांचं न सांगता ओळखणारा हा माणूस, पण त्याचा चेहरा पार गोंधळून गेला होता.

"ताई, ती इचारतीय, नाना तुमी कसे हायत. काय सांगू?"

"खरं ते सांगा," मी म्हणाले.

त्यांनी तळहात काढला.

"गुडघं दुखत्यात जरा," ते म्हणाले, आणि फोन कानाशी धरून पायरीवर ऐसपैस बसले.