ऑर्विलने घेतलेलं माप

आमच्या घरात रायफलींबद्दल सगळ्यात जास्त कोणाला कळतं असं विचारलंत, तर मी बेधडक माझं नाव सांगेन. दोन अख्खे हिवाळे मी त्यावर वाचन केलंय! नेम कोणाचा चांगला असं विचारलंत, तर मात्र माझ्या बायकोशी बोला. तिचं नाव मॉरीन. माझं नाव लाइल, पण ते कोणी विचारत नाही.

अमेरिकेत, मोंटानातल्या आमच्या गावात दर जुलैला जोडीची नेमबाजी असते. माळावर पाचशे यार्डांपर्यंत लोखंडी पाट्या टांगतात. जोडीने आळीपाळीने मारायचं, आणि रायफल दोघांत मिळून एकच. पूर्वी घरटी एकच रायफल असायची, तेव्हापासूनचा हा नियम. मॉरीनने खटका ओढला की पाटी टण्ण वाजते. मी ओढला की मागच्या टेकडीवर धूळ उडते. असे आम्ही सलग अकरा वर्षं शेवटून पहिले आलो.

अकराव्या वर्षी परत येताना मॉरीन गाडीत शांतपणे म्हणाली, "लाइल, आणखी एकच वर्ष. मग मी क्लेटनबरोबर उतरणार."

क्लेटन म्हणजे गावचा दंतवैद्य. घटस्फोट झालेला, पोट नसलेला. मी पोस्टात पत्रं वाटून संध्याकाळी दमून घरी येतो, मॉरीन शाळेचं स्वयंपाकघर सांभाळून दमून येते, आणि जेवताना आम्ही एकमेकांना मीठ देण्यापलीकडे फारसं बोलत नाही. वर्षातून तो एक दिवस आम्ही सकाळपासून शेजारी शेजारी पालथे पडलेले असतो. मला तो दिवस आवडतो. तो क्लेटनला देऊन टाकायची माझी अजिबात तयारी नव्हती.

म्हणून मी दोष रायफलीला दिला. आमची रायफल कारखान्याची, खोक्यातून आलेली. सगळ्या जगाला एकच माप! त्यापेक्षा कारागिराकडून बनवून घेतलेली बघा. दस्ता आपल्या हाताच्या लांबीचा, गाल टेकायची जागा आपल्या गालाची, नळी निवडून घेतलेली. तयार शर्ट आणि शिंप्याकडचा शर्ट यात फरक असतोच की.

"त्याच शर्टातून मी पाट्या वाजवते," मॉरीन म्हणाली.

तिचं म्हणणं, कारखान्याची रायफल आज मागितली तर उद्या हातात येते, काही मोडलं तर भाग कुठल्याही दुकानात मिळतो, आणि बिघाड खटक्याच्या पुढे नसून मागे आहे. तीन महिने रोज रात्रीच्या जेवणाला बटाट्याबरोबर हाच विषय होता. शेवटी ती कंटाळून म्हणाली, "कर बाबा, तुला काय करायचंय ते. मला झोपू दे."

आमच्याकडे रायफली घडवतो तो ऑर्विल. वय ऐंशीच्या घरात. त्याच्याकडे थांबलेल्या गिऱ्हाइकांची यादी दोन वर्षांची, पण एक गिऱ्हाईक वारल्यामुळे मला जानेवारीतली तारीख मिळाली. ऑर्विल प्रश्न विचारत नाही. माणसाकडे बघतो, मापं घेतो, कार्डावर लिहितो. वेंधळा माणूस तर त्याला खपतच नाही. कॉफी सांडली म्हणून त्याने एकाला दारातूनच परत पाठवलं होतं.

आणि मी आदल्याच आठवड्यात कचऱ्याचा डबा बाहेर ठेवताना बर्फावरून घसरून उजवं मनगट मोडून घेतलं होतं!

तारीख सोडली तर पुन्हा दोन वर्षं. प्लास्टर दाखवलं तर वेंधळा म्हणून कायमचा बाद. मी मोठा कोट घातला आणि उजवा हात खिशात घालून गेलो. डाव्या हाताने कॉफी प्यायलो. डाव्या हाताने सही केली. त्याने मापाचा लाकडी दस्ता पुढे केला, तोही डाव्या खांद्याला लावला. माझं सगळं लक्ष प्लास्टर लपवण्यात होतं. ऑर्विल बराच वेळ बघत राहिला.

"तुमच्यासारखी माणसं हल्ली कमी येतात," तो म्हणाला.

मी फुलून घरी आलो आणि मॉरीनला ते दोनदा सांगितलं.

मे महिन्यात रायफल तयार झाली. ऑर्विलने ती टेबलावर ठेवली. अक्रोडाच्या लाकडाचा दस्ता, बघत राहावं असा. आणि दर गोळीला हाताने मागे ओढायचा तो बोल्ट डाव्या बाजूला! मी वर पाहिलं. तर जन्मात न हसणारा ऑर्विल हसत होता. "मीही डावखुराच," तो म्हणाला. "वीस वर्षांनी आपल्या हाताची रायफल बनवायला मिळाली. हात थांबत नव्हते." आता या म्हाताऱ्याला काय सांगणार? मी त्याच्याशी हात मिळवला. डावा.

घरी सांगायची सोय नव्हती. मॉरीनला म्हणालो, रायफलीला अजून वेळ आहे. रायफल गॅरेजमध्ये लपवली आणि ठरवलं, दोन महिन्यांत आपण डावखुरे व्हायचं. दात डाव्या हाताने घासायला लागलो. सूप डाव्या हाताने प्यायलो, म्हणजे निम्मं शर्टाने प्यायलं. पोस्टात पत्रं डाव्या हाताने खणांत टाकायला लागलो आणि क्लेटनची बिलं पाद्रीबाबांच्या घरी गेली. दाढी करताना तर गालावर तीन पट्ट्या लागल्या. रात्री इतका थकायचो की जेवताना मान खाली पडायची.

एका सकाळी मॉरीनने माझा कोट आणला आणि मला गाडीत बसवलं. थेट दवाखाना! तिथे डॉक्टरबाईंना तिने माझ्यावर नजर ठेवून लिहिलेली वहीच वाचून दाखवली. चमचा तोंडात जात नाही, प्लास्टर कधीच निघालं तरी उजवा हात वापरत नाही, पत्रं चुकतात, बोलताना नजर चुकवतो. डॉक्टरबाईंनी मला रेघेवरून चालवलं, बोटं दाबायला लावली. मग म्हणाल्या, अर्धांगाच्या झटक्याची शक्यता आहे, डोक्याच्या तपासणीला मोठ्या शहरात पाठवू.

मॉरीनने माझा हात घट्ट धरला. गेल्या कित्येक वर्षांत तिने असा धरला नव्हता, आणि मला माझीच लाज वाटली.

"मला काही झालेलं नाही," मी म्हणालो. "रायफल डावखुरी आहे."

डॉक्टरबाईंनी तेही लिहून घेतलं.

सगळं पहिल्यापासून सांगायला अर्धा तास लागला. शेवटी त्यांनी मला कागदाच्या भोकातून भिंतीवरचं घड्याळ बघायला सांगितलं आणि एकेक डोळा झाकला. माझा नेमाचा डोळा डावा निघाला. म्हणजे अकरा वर्षं मी चांगला डोळा मिटून मारत होतो!

गाडीत मॉरीन आधी हसली, मग रडली, मग माझ्या दंडावर एक गुद्दा मारला. "तू मेलास असं वाटलं होतं मला," ती म्हणाली. "गाढवा." थोड्या वेळाने म्हणाली, यंदा तुझीच रायफल घेऊ, एवढा जीव ओतलायस तिच्यात. मी म्हणालो, पण तुला जमेल का? ती म्हणाली, मला कुठलीही जमते.

जुलै आला. मी डाव्या खांद्याला रायफल लावली, डाव्या डोळ्याने पाहिलं, खटका ओढला. टण्ण! शेजारची चार डोकी वळली. दुसरी, टण्ण. दहापैकी नऊ! मग मॉरीन आडवी झाली. तिला बोल्ट ओढायला रायफलीवरून पलीकडे हात टाकावा लागत होता. तिचा गाल माझ्या गालाच्या जागेवर बसेना. वेळ संपला तेव्हा तिची एक पाटी वाजली होती, तीही शेजारच्या जोडीची.

आम्ही पुन्हा शेवटून पहिले! पण मॉरीन चिडली नाही. अंगावरची धूळ झटकत म्हणाली, नऊ पाट्या लाइलच्या, हे मी तुझ्या थडग्यावर लिहून घेईन. पुढच्या वर्षी काय ते विचारायचा माझा धीर झाला नाही. ती सरबत आणायला गेली.

तेवढ्यात क्लेटन आला. रायफल उचलून त्याने डाव्या खांद्याला लावली आणि बराच वेळ तशीच धरली.

"मी डावखुरा आहे रे," तो म्हणाला. "जन्मभर उजव्या हाताच्या रायफली ओढतोय. पुढच्या वर्षी माझ्याबरोबर उतरतोस?"

अकरा वर्षांत मला असं कोणी विचारलं नव्हतं. आता तुम्हीच सांगा, तोंडावर नाही कसं म्हणायचं? मी म्हणालो, "विचार करून सांगतो."

वळून बघतो तर मागे मॉरीन, हातात सरबताचे दोन पेले. तिने एक क्लेटनला दिला. दुसरा सावकाश स्वतः प्यायली.

"कर विचार," ती म्हणाली.

घरी येताना गाडी चालवणाऱ्या मॉरीनच्या शेजारी, पुढच्या सीटवर, रायफल होती. मी मागे बसलो.