ओला भाटकर

सकाळी सव्वासहाला दूधवाला सुभाष आमच्या आळीत शिरतो. त्या वेळी भाटकर फाटकात उभे असतात. सुभाष दिसला की हात उंचावून ओरडतात, "ओला!" पहिल्या दिवशी सुभाषने स्कूटर थांबवली, शर्ट चाचपला, पँट चाचपली, मग दुधाच्या किटल्यांची झाकणं बघितली. काहीच सांडलेलं नव्हतं. महिना मे होता, सकाळीच घामाच्या धारा लागायच्या, पण तेवढ्यावरून कोणी कोणाला हाक मारून ओला म्हणत नाही.

"काका, ह्यांना काय दिसतंय माझ्यावर?" त्याने मला विचारलं.

स्पॅनिश भाषेत ओला म्हणजे नमस्कार, असं मी सांगितलं.

"मग मला सुकाच राहूदे," म्हणून तो गेला. या गोष्टीला चार वर्षं झाली. सुभाषने ओलाला ओलाने उत्तर एकदाही दिलं नाही. भाटकरांनीही एक दिवस चुकवला नाही.

भाटकरांचं घर आमच्या फाटकापासून एकेचाळीस पावलांवर आहे. वय अडुसष्ट. त्यातली एकतीस वर्षं बोटीवर गेली, शेवटची अकरा वर्षं सारंग म्हणून, म्हणजे खलाशांचा मुकादम. त्यांच्या बोटी बहुतेक दक्षिण अमेरिकेच्या बंदरांना लागत. तिथल्या हमालांशी भांडता भांडता ते स्पॅनिश शिकले. वहिनी सहा वर्षांपूर्वी गेल्या, तेव्हापासून घरात एकटेच. तीन वर्षांपूर्वी एप्रिलमध्ये त्यांनी फाटकावर पाटी लावली : 'मुलांसाठी स्पॅनिश भाषा व संस्कृती शिबिर. दहा ते एक. येताना चटई आणावी.'

चटई सिएस्तासाठी. सिएस्ता म्हणजे स्पॅनिश लोकांची दुपारची झोप. भाटकरांच्या मते तो संस्कृतीचा गाभा असल्यामुळे तीन तासांतली पंचावन्न मिनिटं त्यासाठी राखून ठेवलेली होती. हजेरीचं काम माझ्याकडे होतं, म्हणून आकडे नक्की सांगू शकतो. पहिल्या दिवशी सतरा मुलं आली. पाचव्या दिवशी नऊ उरली. सिएस्ताला मात्र तेरा असत.

भाषा शिकवण्याची त्यांची पद्धत एका वाक्यात सांगता येते, आणि ते वाक्य त्यांचंच आहे : "अर्धी येतेच आपल्याला!"

"बादलीला काय म्हणतात? बाल्दे. आली की नाय? साबण म्हणजे खाबोन. सा काढायचा, खा घालायचा. पाव म्हणजे पान."

"मग पान म्हणजे काय?" एका मुलीने विचारलं.

"पान तिकडे मिळत नाय," भाटकर म्हणाले.

माझी बायको सुनंदा शाळेत शिकवते. तिने एकदा जाऊन सांगितलं, "भावोजी, हे साबण, पाव, बादली आपल्याकडे पोर्तुगीजातून आलेत. स्पॅनिशातून नाहीत."

"वहिनी, ते शेजारीच राहतात," भाटकर म्हणाले. "वरची आळी, खालची आळी."

संस्कृतीच्या तासाला स्पॅनिश नाच होता. तो भाटकरांनी एका बंदरावर काचेबाहेरून बघितलेला. आवाज ऐकू आला नव्हता. "आपली जाखडीच," त्यांनी मुलांना सांगितलं, "फक्त रागावून नाचायची." मुलं पायात चाळ बांधून आठ दिवस रागावून नाचली. खाण्याच्या तासाला स्पॅनिश पद्धतीचं बटाट्याचं आम्लेट होतं. पाच मुलं अंडं खात नसल्यामुळे त्यांच्यासाठी बेसन घातलं. म्हणजे पाच मुलांनी धिरडं खाल्लं, पण स्पॅनिश म्हणून खाल्लं.

आता मुख्य धड्याकडे येतो. पाहुणा दारात आला की स्पॅनिश माणूस म्हणतो, 'मी कासा एस तू कासा.' माझं घर ते तुझंच घर. भाटकरांना हे वाक्य फार प्रिय. पण त्यांच्या रत्नागिरीच्या हेलात कासातला 'का' आखूड होतो. पहिल्या दिवशी ते पडवीच्या पायरीवर उभे राहिले, हात पसरले आणि म्हणाले, "मी कसा! एस! तू कसा!" मुलांनी ऐकलं, मी कसा आणि तू कसा. मुलं चांगल्या घरची. एकसुरात म्हणाली, "बरे आहात, आजोबा!"

भाटकरांनी चार वर्षं ही चूक सुधारायचा प्रयत्न केला. सुधारली नाही. पुढे पुढे मुलं मुद्दाम म्हणायला लागली.

शिबिर पंधरा दिवसांचं. पण पंधराव्या दिवशी समारोप कधी झालाच नाही. पहिल्या वर्षी चार दिवस पुढे गेला, मग आणखी पाच. शेवटी प्रमुख पाहुण्यांशिवायच उरकला. पाहुण्यांसाठी पडवीत एक लाकडी खुर्ची मांडलेली होती, ती रिकामीच राहिली. खुर्ची लहान मुलाची होती. बैठक जमिनीपासून दहा इंच. दुसऱ्या वर्षी तेच. या वेळी खुर्ची साडेअकरा इंच होती, पायांखाली फणसाच्या लाकडाचे तुकडे ठोकून वाढवलेली. तिसऱ्या वर्षी तेरा.

तेव्हा मी विचारलं, "भाटकर, पाहुणे कोण आहेत? आणि ते वाढतायत का?"

त्यांनी खुर्चीवरची धूळ पुसली. मग म्हणाले, "नात आहे. लुसीया."

त्यांचा मुलगा नितीन स्पेनच्या एका बंदरात बोटींची इंजिनं दुरुस्त करतो. बायको तिथलीच. मुलगी तेव्हा सात वर्षांची. दर वर्षी मेमध्ये येणार म्हणून ठरतं, आणि रजा, परीक्षा, आजारपण असं काहीतरी निघतं. भाटकरांनी नातीला फोनच्या पडद्याबाहेर कधी बघितलेलं नव्हतं.

"पण तुम्हाला तर भाषा येते," मी म्हटलं. "बोलता की तिच्याशी."

"दोन मिनिटं बोलतो. मला येतं काय? दोर ओढ, दोर सोड, संभाळून, बादली आण. सात वर्षांच्या पोरीशी दोरावर किती बोलणार? आणि ती येईल, इथे खांबाला टेकून गप्प बसेल, आणि चौथ्या दिवशी म्हणेल, चला घरी. आळीत चार पोरं तिच्याशी बोलली, तर आठ दिवस राहील. हो की नाय?"

मी घरी जाऊन सुनंदाला सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून आमची धाकटी शिबिराला जाऊ लागली.

यंदा खुर्ची साडेचौदा इंच झाली. शिबिराच्या अकराव्या दिवशी नितीन बायको-मुलीला घेऊन आला. संध्याकाळचे सहा वाजले होते. नऊ मुलं फाटकापासून पडवीपर्यंत दोन रांगांत उभी होती. भाटकर पायरीवर, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून. गाडीतून नितीन उतरला, त्याची बायको उतरली, आणि मग दोन वेण्यांची एक बारीक मुलगी.

मुलांनी जे येत होतं ते सगळं एकदम म्हटलं. "अर्रिबा! अबाखो! कुइदादो! बाल्दे!" म्हणजे वर, खाली, संभाळून, बादली. मुलीने आजूबाजूला बघितलं. बहुधा बादली शोधली. मग ती बापाच्या मागे गेली आणि तिथेच राहिली.

भाटकर पायरी उतरून पुढे आले. चार वर्षं घोकलेलं वाक्य त्यांनी म्हणायला घेतलं. हात पसरले.

"मी कसा..." आणि पुढचं येईना. ते तसेच हात पसरून उभे राहिले.

बापाच्या मागून ती वाकून बघत होती. बघता बघता पुढे आली आणि शब्द एकेक करून, र वर जोर देत म्हणाली, "बर्रे आहात, आजोबा."

नऊ मुलं खो खो हसत सुटली. त्यांना वाटलं, हिला आधीच कोणीतरी शिकवून ठेवलंय. तसं ते खरंच होतं.

"दर रविवारी मराठी शिकवतो तिला, बाबा," नितीन म्हणाला. "अजून एवढंच जमतं. कसा, कशी, बरे."

आमच्या धाकटीने लुसीयाचा हात धरला आणि तिला पडवीत नेऊन खुर्चीवर बसवलं. खुर्ची अर्धा इंच उंच झाली होती. तिने पाय हलवत खाली बघितलं आणि शेजारच्या चटईकडे बोट दाखवून काहीतरी विचारलं. "सिएस्ता," धाकटी म्हणाली. मग दोघी चटईवर बसल्या. मी हजेरीत दहावं नाव लिहिलं.

तेवढ्यात सुभाष संध्याकाळचं दूध घेऊन आला. भाटकर फाटकात येऊन उभे राहिले होते, आमच्याकडे पाठ करून. सुभाषने स्कूटर थांबवली आणि त्यांच्या तोंडाकडे बघितलं.

"ओला?" त्याने विचारलं.

"सी," भाटकर म्हणाले. स्पॅनिशमध्ये सी म्हणजे हो. "आजपासून दोन लिटर दे."